बाबांच्या मागे राहिलेली बंदूक

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्याचं वय ३६, नोकरी औषधांच्या कारखान्यात, गावात काजूची बागायत आणि लहानसं कुळागर (सुपारी-माडांची बाग). वडील गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वारले. पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअरची एकनळी बंदूक त्यांच्या नावावर होती. ती अजून माजघरात खुंटीला आहे. घोड्याच्या कड्यात खंडेनवमीच्या झेंडूचा वाळका तुकडा अडकलाय. काडतुसं आईच्या कपाटात, बिस्किटाच्या डब्यात. थोरला मुलगा म्हणून बंदूक आपल्या नावावर व्हावी असं त्यांना वाटतं. काका म्हणतात, "माझ्याकडे लायसन आहेच, माझ्या मांगरात (शेतातल्या खोपीत) ठेवतो." वाड्यावरची मंडळी म्हणतात, "गप्प राहा, कोण विचारायला येतोय?" अडचणी दोन. शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या मारामारीत त्यांच्यावर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, झाली होती आणि वर्षभराचा बॉण्ड लिहून द्यावा लागला होता. त्याची मुदत आता संपलीय. दुसरी अडचण धाकट्या भावाची. खाणी बंद पडल्यापासून त्याच्या ट्रकाचं गणित बसलं नाही, कर्ज आहे, पिणं वाढलंय, रात्री झोप नाही. पत्नीला बंदूक घरात नको आहे. प्रश्न असा: "परवाना माझ्या नावावर व्हायला मी पात्र आहे का? आणि तोवर बंदूक घरात ठेवली तर चालेल का?"

उत्तर:

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं मी उलट्या क्रमाने देते. परवाना मिळेल का, ते मागाहून. आधी ती बंदूक घरातून हलवा, आणि ती याच आठवड्यात.

कायद्याचं कारण पुढे सांगतेच, पण माझं पहिलं कारण तुमच्या भावाचं वाक्य आहे. पत्राच्या शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय की एका रात्री हप्त्यांचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "बाबांची बंदूक आहे की घरात." त्यापुढे तुमचे दोनच शब्द: 'थट्टेत म्हणाला'. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात मोठं वाक्य तेच वाटलं. कर्जात बुडालेला, झोप उडालेला, रोज पिणारा तरुण माणूस असं बोलतो तेव्हा ती थट्टा आहे असं धरून चालायचं नसतं. जीव द्यावासा वाटण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो आणि पुढे जगतोही. बंदूक मात्र ती ओसरण्याएवढा वेळ देत नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात आहेत याने फरक पडत नाही. डबा कुठे आहे हे त्या घरात लहानाचा मोठा झालेल्या मुलाला माहीत असणारच. फवारणीची औषधंही त्याच दिवशी कुलपात घाला.

मग त्याच्याशी बोला. आडवळणाने नको, सरळ विचारा: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. कुणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार होतो. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आपण सगळे जिला आयपीएचबी म्हणतो. तिथे त्याला घेऊन जा, एकट्याला पाठवू नका. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

इथे तुमच्या मनातली एक समजूत मोडायला हवी. तुम्ही लिहिता, "भावाला डॉक्टरकडे नेलं आणि त्याची नोंद झाली तर माझा परवाना अडेल म्हणून थांबलोय." परवान्यासाठी शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला लागतो, पण तो अर्जदाराचा, अर्जदाराच्या भावाचा नव्हे. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिलाय. त्याच्या उपचाराचे कागद परवान्याच्या फायलीत जातील ही भीती बाळगून त्याला आजारात ठेवू नका. एका बंदुकीसाठी भावाचे उपचार थांबलेत, हे वाचून माझा जीव तुटला.

आता कायद्याचं. "तोवर घरात ठेवली तर चालेल का?" नाही चालणार.

शस्त्र परवाना हा माणसाला दिलेला असतो. बाबांची स्कूटर तुमच्याकडे येते पण त्यांच्या ड्रायव्हिंग लायसनवर तुम्ही ती चालवू शकत नाही, तसंच हे. ज्या दिवशी बाबा गेले त्या दिवसापासून त्या घरात त्या बंदुकीचा परवाना असलेला माणूसच उरला नाही. परवान्याच्या वहीवर पुढच्या वर्षाची तारीख असली तरी ती बाबांसाठी होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की शस्त्र बाळगणं कोणत्याही कारणाने बेकायदा ठरलं तर विनाकारण उशीर न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. तुमच्याकडे बरेच महिने लोटलेत.

'कोण विचारतोय' म्हणणाऱ्यांना २०१९ ची दुरुस्ती बहुधा माहीत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षं होती. आता ती दोन ते पाच वर्षं आहे, शिवाय दंड. आणि कलम ३५ तर फारच थोड्यांना ठाऊक असतं. एकत्र राहत्या घरात शस्त्र सापडलं आणि ते तिथे आहे हे घरातल्या ज्यांना माहीत होतं, त्या प्रत्येकाला, उलट सिद्ध होईपर्यंत, जबाबदार धरता येतं. म्हणजे तुमची आई, जिच्या कपाटात डबा आहे. आणि तुमची पत्नी, जी पहिल्या दिवसापासून 'नको' म्हणतेय. तिचं म्हणणं तुम्ही 'बायकांची भीती' म्हणून बाजूला ठेवलंत. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर घरात तेवढी एकच व्यक्ती बरोबर बोलत होती.

इतके दिवस झाले, आता गेलो तर आपल्यालाच आत टाकतील, ही धास्ती मला तुमच्या पत्रात दिसते. ती समजते, पण तिच्यापायी आणखी दिवस घालवू नका. परवाना नसताना शस्त्र बाळगल्याचा खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वसंमती लागते. मृत्यूचा दाखला आणि बाबांची परवाना वही हातात घेऊन आपणहून आलेल्या मुलाचं प्रकरण वेगळं असतं, आणि झडतीत बंदूक सापडलेल्या माणसाचं वेगळं. मनाचा हिय्या होत नसेल तर ओळखीच्या वकिलाला सोबत न्या.

जायचं कसं, तेही सांगते, कारण इथेही चुका होतात. बंदूक खांद्याला लावून वाळपईच्या बसमध्ये चढू नका. ती घेऊन रस्त्यावर फिरण्याचा परवाना तुमच्याकडे नाही. आधी रिकाम्या हाताने पोलीस ठाण्यात जा. एक साधा अर्ज न्या: वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक, काडतुसांची संख्या, आणि वारस म्हणून शस्त्र जमा करायचं आहे, एवढं. त्यांनी घरी येऊन ताबा घ्यावा, नाहीतर आणायची कशी ते लेखी सांगावं, अशी विनंती करा. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. बंदुकीत बार भरलेला आहे का हे पाहण्याच्या फंदात स्वतः पडू नका. वापरलेलीच नाही, रिकामीच असणार, या समजुतीत अपघात होतात. आपल्या चार महिन्यांच्या पावसात काडतुसांच्या पितळी बुडाला हिरवं चढतं, नळकांडी फुगतात. अशी काडतुसं पुसून, उन्हात घालून 'ठीक करणं' हा वेडेपणा आहे. डबा आहे तसा द्या. ताबा घेतल्याची पावती मिळेल, तिच्यावर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर उतरलीय ना, ते तिथेच वाचून पाहा.

ती पावती जपून ठेवा. जमा केली म्हणजे गेली, असं गावात सगळेच म्हणतात. हीच समजूत घराघरांत बंदुका दडवायला लावते आणि ती चुकीची आहे. जमा केल्याने मालकी जात नाही, ताबा जातो. त्याच कलम २१ मध्ये पुढे म्हटलंय की परवानाधारक वारला असेल तर त्याचा कायदेशीर वारस ठरलेल्या मुदतीत स्वतः पात्र होऊन शस्त्र परत घेऊ शकतो, किंवा ते पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत संपेपर्यंत काहीच केलं नाही तर मात्र ते सरकारजमा होतं. तेव्हा मुदत किती, हे पावती घेतानाच लेखी विचारा आणि घरातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. म्हणजे आज जमा करून तुम्ही तुमचा एकही हक्क गमावत नाही, उलट विचार करायला सवड मिळवता.

आता 'थोरला मुलगा म्हणून बंदूक माझी' याकडे येते.

आपल्या गोव्यात ही गोष्ट घाटापलीकडच्या नातेवाइकांपेक्षा वेगळी आहे हे तुम्ही विसरलात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आपला वारसा कायदा थोरला-धाकटा पाहत नाही, मुलगा-मुलगी पाहत नाही. तुमच्या आई-बाबांनी लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर घरच्या मिळकतीत अर्धा वाटा आईचा स्वतःचाच आहे. तो बाबांकडून आलेला नाही. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही, धाकटा भाऊ आणि डिचोलीला दिलेली बहीण सारखेच. बंदूकही मिळकतच आहे, तिची किंमत धरली जाते. बहिणीला तुम्ही काही विचारलंय असं पत्रात कुठेच दिसत नाही. तिला विचारावंच लागेल, कारण वारस म्हणून अर्ज करताना बाकीच्या वारसांची ना-हरकत मागितली जाते. भावाचीही लागेल. त्याच्या सध्याच्या अवस्थेत घाईघाईने सही घेऊ नका; तो सावरल्यावर, शुद्धीत, समजावून घ्या.

पण सगळ्यांनी सह्या दिल्या तरी त्यातून एवढंच ठरतं की बंदूक कोणाची. ती हातात कोणी धरायची, हे कायदा वेगळं ठरवतो. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, मागून, कारण दाखवून मिळवायची परवानगी आहे.

तुमची पात्रता बघू. शस्त्र कायद्याचं कलम ९ काही जणांना दारातूनच परत पाठवतं: २१ वर्षांखालचे, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेले, शिक्षा संपल्यावर पाच वर्षांपर्यंत, मनोविकल असलेले, आणि शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून द्यायचा आदेश झालेले, त्या बॉण्डच्या मुदतीत. तुमच्या चॅप्टर केसचं उत्तर या शेवटच्या शब्दांत आहे. मुदत संपलीय, म्हणून ही बंदी आता तुम्हाला लागू नाही. हे वाचून तुम्हाला हायसं वाटेल, पण जरा थांबा. बंदी नसणं आणि परवाना मिळणं यांत बरंच अंतर आहे. तुमचा अर्ज उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल, ते पोलिसांचा अहवाल मागवतील, आणि त्या अहवालात बांधावरची मारामारी येणारच. सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल असं वाटलं तर परवाना नाकारण्याचा अधिकार कलम १४ देतं. तेव्हा ही गोष्ट लपवू नका. अर्जात विचारलेल्या जागी स्वच्छ लिहा, बॉण्डच्या आदेशाची प्रत जोडा, मुदतीत काही कागाळी झाली नाही हे सांगा. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना पुढे कधीही रद्द होतो.

बाकी कागद काय लागतात? वारसांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांत वेगळी तरतूद आहे. मुलगा, मुलगी, पत्नी अशा वारसाला परवाना देता येतो, मात्र बाकीच्या अर्जदारांना लागणाऱ्या अटी त्यालाही लागतात. वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात ती कुलूपबंद ठेवण्याची हमी. हमीपत्र म्हणजे नुसता एक कागद समजू नका. खुंटीला टांगलेली बंदूक म्हणजे सुरक्षित साठवण नव्हे, बाबांनी ती आयुष्यभर तशी ठेवली असली तरी. एका माणसाकडे दोनच बंदुका, ही २०१९ पासूनची कमाल मर्यादा. आधी ती तीन होती. वारशाने आलेलीही त्या दोनातच मोजतात. परवाना मिळाला तर पाच वर्षांचा असतो. नाकारला तर कारणं लेखी मागा, सहसा ती द्यावी लागतात, आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

सत्तरीत आणखी एक गोष्ट आहे आणि पुष्कळ अर्ज तिथे अडकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३४ म्हणतं, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती घेतल्याशिवाय नवा शस्त्र परवाना द्यायचा नाही. गोव्याची रुंदी ती किती! साठेक किलोमीटर. पूर्वेची सगळी कड म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांनी धरलीय, मध्ये बोंडला आहे. चोडणच्या पक्षी अभयारण्यामुळे खुद्द पणजीसुद्धा त्या दहा किलोमीटरच्या आत येते. तुमचं गाव तर म्हादईला लागूनच. परवाना तुमच्या नावाने नव्याने निघणार, म्हणून वन खात्याच्या सहमतीचं काय, हे अर्ज देतानाच विचारा. सहा महिन्यांनी फाईल त्यासाठी परत आली तर हंगाम जातो.

हे सगळं करून बंदूक मिळाली असं समजू. तिचं तुम्ही काय करणार?

तुम्ही लिहिता, "डुकरं कणगी (कंद) उकरतात, माकडं नारळ ठेवत नाहीत, गवे बागायतीत बसतात, बंदुकीशिवाय शेती होणार नाही." नुकसान खरं आहे. पोटच्या पोरासारखी वाढवलेली माडाची रोपं एका रात्रीत आडवी झालेली पाहिली की माणूस काय बोलेल ते थोडं. पण पीक-रक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना, ही तिसरी चुकीची समजूत, आणि कदाचित सगळ्यात महाग पडणारी. शस्त्र परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो. गोळी कशावर झाडायची हे १९७२ चा वन्यजीव कायदा ठरवतो. गवा आपला राज्यप्राणी आहे आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारलं तर किमान तीन वर्षं कैद. रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याचा उपद्रव उभ्या पिकाला होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हातात नसताना मारलेलं डुक्कर म्हणजे शिकार, आणि वाड्यावर वाटलेलं मटण म्हणजे पुरावा.

मग बाबा काय करायचे? तुम्हीच लिहिलंय, "बाबा हवेत बार काढायचे, तेवढ्याने कळप पळायचा." तेवढ्यासाठी बंदूकच हवी का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. तुम्ही कारखान्यात पाळीला जाता. रात्रपाळीच्या आठवड्यात बंदूक कुलपात आणि बागायत मोकळी. बंदूक राखण करत नाही, तिच्याबरोबर जागणारा माणूस राखण करतो, आणि तुमच्या घरात तो माणूस बाबा होते. सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान आहे; विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा आणि चालू वर्षाचे दर विचारा. ते कुंपण तुम्ही पाळीला गेलात तरी काम करतं. घरच्या विजेची तार मात्र कुंपणात सोडू नका, त्याने जनावराआधी माणूस मरतो. कणगी-सुरणाच्या तुकड्याला तरी आधी कुंपण घाला. आणि नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वन आणि कृषी खात्याकडे भरपाईचा अर्ज द्या. रक्कम हातात येईपर्यंत धीर सुटतो हे मान्य, पण तुमच्या भागात डुकरं किती माजलीत याची सरकारदरबारी नोंद त्या अर्जांनीच होते, आणि उद्या परवानगी मागायला गेलात तर तीच कामाला येते.

काळोखात झुडूप हललं म्हणून झाडलेली गोळी माणसाला लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येत राहतात. ज्याच्या हातून ती सुटते तोही कुणीतरी घरंदाज बागायतदारच असतो.

माझं मत विचाराल तर, धाकटा भाऊ त्याच घरात राहतोय आणि अजून सावरलेला नाही, तोवर तुम्ही परवान्याचा अर्जच करू नये. पात्र असूनही करू नये. जमा असलेल्या बंदुकीची मुदत जवळ आली आणि परिस्थिती तीच असली, तर विकून टाका. बाबांची आठवण म्हणून ती हवी, हे मी वाचलंय. त्यांचा कोयता आहे, त्यांच्या हातचं कुळागर आहे. यंदाच्या खंडेनवमीला त्यांची पूजा केलीत तरी काही उणं पडणार नाही. बंदूक पूर्णपणे आणि कायमची निकामी असेल, दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर तिची गोष्ट वेगळी, पण तुमची तर बाबांनी गेल्या वर्षापर्यंत वापरलेली आहे.

विकायची तर काकांनाच का नको, असं म्हणाल. काका चालतील, मात्र 'मांगरात ठेवतो' अशी नव्हे. त्यांच्या परवान्यावर त्यांची जी बंदूक चढलीय तेवढीच बाळगायला ते मोकळे आहेत. तुमची त्यांनी नुसती नेली तर देणारे तुम्ही आणि घेणारे ते, दोघेही अडकता. त्यांच्याकडे एकच बंदूक असेल तर दुसरी घ्यायला जागा आहे. त्यासाठी त्यांनी आधी आपल्या परवान्यावर तशी मंजुरी आणायची, मग जमा असलेली बंदूक रीतसर त्यांच्या नावे जाईल. एरवी कुणीही खाजगी व्यक्तीने आपली बंदूक दुसऱ्याला विकायची म्हटलं तरी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. काका घाई करत असतील तर हे कलम ५ त्यांना दाखवा. आणि हेही सांगा की वाड्यावरच्या लग्नात हौसेने बार काढण्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यांच्या पिढीत ते चालून जायचं.

ज्यांचे वडील हयात आहेत आणि घरात अशीच बंदूक आहे, त्या वाचकांसाठी. वडिलांनी सत्तरी ओलांडली असेल, किंवा त्यांच्याकडे ती बंदूक पंचवीस वर्षं असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. त्यांच्या देखत, सगळ्या भावंडांना बसवून हे ठरवा. घरात कुणालाच ती नको असं निघालं तर परवाना त्यांच्या नावावर असतानाच विकणं सगळ्यात सोपं पडतं. वहीतली मुदत आणि तिच्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक पडलाय का, ते तपासा. जुन्या वह्यांवर तो राहून गेलेला असतो आणि त्याशिवाय परवाना ग्राह्य धरत नाहीत. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करण्याचा आदेश निघतो तेव्हा दर वेळची पावती त्याच वहीत ठेवा. वहीची एक झेरॉक्स आईकडे असू द्या, आणि बंदूक आहे, कुठे आहे, काडतुसं किती, हे घरातल्या एका तरी जबाबदार माणसाला वडिलांनी सांगून ठेवलेलं असू द्या.

तुमचं पहिलं काम मात्र आज रात्रीचं. भाऊ घरी येईल, तेव्हा त्याच्याबरोबर जेवायला बसा.